पहिलं की दुसरं

१२ जून

वन्सं,

सुरुवात तीनदा लिहून खोडली. 'तीर्थरूप' लिहिलं तर तुम्ही हसाल आणि 'प्रिय' लिहिलं तर मलाच अवघडल्यासारखं होईल. शिवाय कायद्याने तुम्ही आता माझ्या नणंद राहिलेल्या नाही. घटस्फोटाच्या निकालात मुलांचं काय, घराचं काय, हे सगळं नीट लिहिलेलं आहे. नणंदेचं काय करायचं ते कुठेच नाही. म्हणून मी 'वन्सं'च म्हणत राहीन. हरकत असेल तर कळवा.

आम्ही पोचलो. सामान आमच्यामागून दोन दिवसांनी आलं, त्यात कपाटाचं एक दार निखळलेलं होतं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. सकाळी खाली घंटा वाजवून बघतात, तेव्हा ढब्बू प्रत्येक घंटेला दार उघडायला धावतो. पाच वर्षांच्या मुलाला कितीदा समजावणार. खारूने त्याला सांगून ठेवलंय की खरा पाहुणा दोनदा वाजवतो. तेव्हापासून तो मोजत बसतो.

चष्म्याच्या दुकानातलं काम सुरू झालं. मालक वयस्कर आहेत, त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे डोळे तपासायचं काम माझ्याकडे दिलं आहे. अडचण एवढीच की भिंतीवरचा तक्ता इथल्या लिपीत आहे आणि मला ती येत नाही. मालकांकडून म्हणवून घेऊन मी सगळ्या ओळी पाठ केल्या. गिऱ्हाईक चुकलं की मला कळतं, पण मला स्वतःला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. ही फसवणूक होते का, हा विचार मनात येतो.

आता मुख्य गोष्ट. निकालात जे ठरलं ते पुन्हा लिहिते, म्हणजे आपल्या दोघींत गैरसमज नको. मुलांना दुसऱ्या राज्यात न्यायची परवानगी मला एका वर्षापुरती मिळाली आहे. पुढची मोठी सुट्टी मुलं त्यांच्या बाबांकडे काढतील. सुट्टी संपताना कोर्टाच्या समुपदेशक बाई खारूला विचारतील की तिला कुठे राहायचंय. ती तोवर बारा वर्षांची होईल, तिचं म्हणणं मानलं जाईल. आणि भावंडांची ताटातूट करायची नाही असं आम्ही दोघांनी लिहून दिलंय, म्हणजे खारू जिथे, तिथे ढब्बू.

मी ठरवलं आहे की वर्षभरात तिला एका शब्दानेही वळवायचं नाही. तुम्हीही वळवू नये, ही विनंती.

फोन मुलांचा आणि त्यांच्या बाबांचा. त्यात मी शिरणार नाही. तुमच्याशी लिहूनच बोलीन. फोनवर मी 'सगळं ठीक' म्हणून मोकळी होते, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात.

तुमची (अजून) भावजय


२५ जून

भावजयबाई,

हरकत नाही. मला आयुष्यात 'वन्सं' म्हणणारी एकच बाई भेटली, ती काय कोर्टाला देऊन टाकू?

इथलं विचारलं नाहीस तरी सांगते. तुम्ही गेल्यापासून खालचा मजला गप्प आहे. तसा आधीही गप्पच होता म्हणा, पण तेव्हा निदान मुलं आपटायची. तुझा माजी नवरा लिफ्ट दुरुस्तीला जातो, येतो, जेवतो, फोन वाजला की पुन्हा जातो. कुणी ना कुणी कुठल्या तरी दोन मजल्यांच्या मधे लटकलेलं असतंच. मी वरच्या खोलीतून त्याच्या पायऱ्या ऐकते आणि कढत पाणी ठेवते.

लोक विचारतात, तुमच्या भावाचं कशावरून बिनसलं. मी सांगते, भांडण झालंच नाही हो. भांडायला बोलावं लागतं. तुम्ही दोघं इतकी वर्षं एका घरात लिफ्टमधल्या अनोळखी माणसांसारखी उभी होतात, आपापला मजला यायची वाट बघत. तुझा आधी आला.

वळवू नका म्हणतेस. अगं, मी इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत काम करते, दिवसभर लोकांचे हात-पाय धरून वळवते, माझा पगारच त्याचा आहे. तरी प्रयत्न करीन. एक मात्र सांगून ठेवते. मला मुलं इथे हवी आहेत. हे खारूला सांगणार नाही. तुला सांगितलं.

तक्त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. इस्पितळातल्या एक्स-रेवर काय दिसतं ते मला पाच वर्षं कळत नव्हतं, मी नुसती मान हलवायची.

वन्सं


९ सप्टेंबर

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. मुलांच्या शाळा, त्यांची नवी भाषा, ढब्बूचा सर्दी-ताप. कारणं खरी आहेत, तरी दिल्यावर सबबीसारखी दिसतात.

खारूला इथली लिपी आली. मला आधी आली असती तर बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. शाळा सुटली की ती दुकानात येते, काउंटरमागे गृहपाठ करते आणि मान वर न करता सगळं ऐकते. भिंगांची पेटी तिला तोंडपाठ झाली आहे. मालक तिच्याशी हातवाऱ्यांनी बोलतात, ती त्यांच्याशी ओरडून बोलते. दोघांचं बरं जमतं.

तुम्हाला माहीतच आहे, मी पाचवीपर्यंत शाळेत गेले नाही. वडिलांनी त्यांच्या चष्म्याच्या दुकानातच शिकवलं. अक्षरं तक्त्यावरून, सगळ्यांत मोठं आधी. बेरीज-वजाबाकी भिंगांच्या नंबरांवर. पण आकड्यांच्याही आधी त्यांनी एक गोष्ट शिकवली होती. एकामागून एक दोन भिंगं लावून 'पहिलं की दुसरं' विचारताना आवाज सपाट ठेवायचा. 'दुसरं'वर जरासा जोर पडला की गिऱ्हाईक दुसरंच म्हणतं, तुला बरं वाटावं म्हणून, आणि मग वर्षभर चुकीच्या नंबरातून जग बघतं. मी खुर्चीवर उभी राहून त्यांना विचारायची आणि ते डोळे मिटून फक्त माझा आवाज ऐकायचे. चुकलं की पुन्हा.

परवा एक आजी आल्या. डोळ्यांवर चाचणीची जड चौकट, तिच्यात मी एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. पहिलं की दुसरं? म्हणाल्या, तूच सांग ना बाई, तुला कुठलं बरं वाटतं? मी म्हटलं, आजी, डोळे तुमचे आहेत. त्यांनी परत विचारलं, मी परत तेच म्हटलं. त्या चिडून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, स्वतःच बरोबर नंबर सांगितला. मालक खूश झाले.

घरी खारूने माझी नक्कल केली. ढब्बूला खुर्चीत बसवलं, एका हातात गोड बिस्किट, एका हातात खारं, आणि अगदी माझ्या आवाजात, पहिलं की दुसरं? ढब्बू म्हणाला, दोन्ही. खारू म्हणाली, दोन्ही हे उत्तर नसतं.

आवाज हुबेहूब होता. मला हसू आलं, आणि थोडा अभिमानही वाटला.

तुमच्या भावाची तब्येत बरी असेल. मुलं दर रविवारी त्याच्याशी बोलतात, तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालते.


३ डिसेंबर

भावजयबाई,

तू रविवारी एवढे कपडे कुठून आणतेस?

थोडं सांगायचं आहे, तू रागावलीस तरी. तुझ्या माजी नवऱ्याने खारूची खोली रंगवायला घेतली आहे. स्वतः, सुट्टी काढून. रंग कुठला लावू म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, फिकट पिवळा, तिला आवडतो. म्हणजे वळवण्यात माझाही एक डबा आहे, लिहून ठेव.

गेल्या रविवारी मी खाली होते. तो फोनवर तिला म्हणाला, 'तुझी खोली तयार होतेय. तू इथेच राहायचं, मला करमत नाही.' इतकं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून लग्नाच्या दिवशीही ऐकलं नव्हतं. फोन ठेवल्यावर बराच वेळ ब्रश धूत बसला.

तुझ्या नियमात हे बसत नाही, मला कळतं. पण नियम तू केलास, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तू तिला काही बोललीस का? की अजून गच्चीवरच आहेस?

वन्सं


२ एप्रिल

वन्सं,

तुमच्या डिसेंबरच्या पत्राला आज उत्तर देते आहे. मध्ये दोनदा लिहिलं आणि फाडलं, कारण दोन्हींत तक्रार होती, आणि तक्रार करायचा मला हक्क आहे की नाही ते ठरत नव्हतं. त्याला बोलू दे. मी अडवणार नाही. पण मी तसं करणारही नाही. दोघं दोन बाजूंनी ओढू लागलो तर पोरीने करायचं काय?

बोललीस का, असं विचारलंत. हो, एकदा. मी होऊन नाही, तिनेच विषय काढला. गेल्या महिन्यात जिन्यात बसून ती बुटाची नाडी बांधत होती. खाली बघूनच म्हणाली, 'मला त्या बाईंनी विचारलं तर काय सांगू?'

मी या प्रश्नाची वर्षभर तयारी केली होती. म्हटलं, 'तुला वाटेल ते सांग. इथे किंवा तिथे. मला दोन्ही चालेल.'

वन्सं, माझा आवाज जराही हलला नाही. वडील असते तर डोळे मिटूनच मान डोलावली असती. खारू 'बरं' म्हणाली, नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधली आणि शाळेत गेली. तेव्हापासून तिने विषय काढलेला नाही. म्हणजे तिच्या मनावर ओझं राहिलेलं नाही, असं मी समजते.

उद्या तुम्ही मुलांना न्यायला येता, तेव्हा हे पत्र हातातच देईन. ढब्बूच्या पिशवीत औषध वरच्या कप्प्यात आहे. तो सायकल मागेल. खालच्या दुकानातल्यांनी त्याला तसं वेड लावलं आहे. बसमध्ये खारूला खिडकी द्या, पण ढब्बूचं रडणं सुरू झालं तर निम्म्या वाटेत बदला. ती काही म्हणणार नाही. ती म्हणत नाही कधी.

दोन महिने घर रिकामं असेल. तक्ता वाचायला शिकायचं ठरवलं आहे.


१९ एप्रिल

भावजयबाई,

फोनवर तुला कळलंच आहे, तरी नीट सांगते. ढब्बूला सायकल शिकवताना खारू त्याला सावरायला गेली आणि स्वतः पडली. डावं मनगट. हाड मोडलंय पण सरकलेलं नाही. ढब्बूला खरचटलंसुद्धा नाही, तो आता सगळ्यांना सांगतो की ताईला मी पाडलं, मोठ्या दिमाखात.

प्लास्टर मीच घातलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. रडली नाही. मुलांसाठी आमच्याकडे रंगीत पट्ट्या असतात. मी विचारलं, कुठला रंग हवा? ती म्हणाली, 'आई असती तर कुठला म्हणाली असती?' मी काही बोलायच्या आत तिनेच उत्तर दिलं, 'काहीच म्हणाली नसती.' मग निळा घेतला.

माझ्या भावाने तीन दिवस कामाचा फोन बंद ठेवला. गावातले लोक लिफ्टमधे अडकून मेले असतील तर त्याला खबर नाही. तिच्या खोलीत खाली गादी टाकून झोपतो.

तू फोनवर मला चार प्रश्न विचारलेस. बोटं हलतात का, सूज किती, हाड सरकलंय का, झोप लागते का. चारही बरोबर. आमच्या डॉक्टरांनी हेच विचारले, त्याच क्रमाने. पाचवा प्रश्न 'येऊ का' असेल म्हणून मी थांबले होते. तू 'बरं, ठेवते' म्हणालीस.

तुझ्या कामात मी पडत नाही. पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

वन्सं


२४ एप्रिल

वन्सं,

तुमचं बोलणं लागलं आणि ते योग्यच आहे. तरी कारण सांगते.

हे दोन महिने तिच्या बाबांचे आहेत, तसं ठरलं आहे. मी मध्येच आले असते तर तो अवघडला असता, खारूला दोघांमध्ये बसावं लागलं असतं, आणि समुपदेशक बाईंना वाटलं असतं की हात मोडल्याचा मी फायदा घेतला. या तिन्ही गोष्टी मी एका वेळी विचारात घेतल्या.

दुसरं म्हणजे, मी निघाले होते. तुमचा फोन ठेवला आणि बसस्थानकावर गेले. तिकीट काढलं, खिडकीची जागा मिळाली होती. बस लागली, लोक चढले, वाहकाने माझ्याकडे बघून विचारलं, येणार का बाई? मी नाही म्हटलं आणि घरी आले.

हे खारूला सांगू नका. तिच्या उत्तरावर याचा भार पडेल.

प्लास्टरमध्ये खाज येते तेव्हा ती आत फूटपट्टी घालेल. घालू देऊ नका.


६ मे

भावजयबाई,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. त्याच्या आधीपासून मला एक गोष्ट माहीत होती आणि मी ती तुला कळवली नव्हती. खारूने तिच्या बाबांना सांगितलंय की ती इथेच राहणार. म्हणजे ढब्बूही.

मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू. दोघांना कुठल्या शाळेत घालायचं ते मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

काल तिचं प्लास्टर सैल झालं म्हणून बदलायला नेलं. कापायच्या यंत्राचा आवाज मोठा असतो, पोरं घाबरतात, तेव्हा मी त्यांना बोलतं ठेवते. सहज विचारलं, इथे राहायचं कसं काय ठरवलंस गं? शाळा नाही आवडली तिकडची? म्हणाली, शाळा आवडते. दुकान आवडतं. मालक आवडतात, ते निवृत्त झाल्यावर तिला भिंगांची पेटी देणार आहेत.

मग?

मला वाटलं, यंत्राच्या आवाजात तिने ऐकलं नाही. ऐकलं होतं. म्हणाली, 'आत्या, आईला दोन्ही चालतं. बाबांना एकच चालतं.'

मी यंत्र बंद केलं. ती पुढे म्हणाली की तू तिच्याशी तक्त्याच्या आवाजात बोललीस, गिऱ्हाइकांशी बोलतेस तशी. आणि हात मोडला तरी आली नाहीस. म्हणजे खरंच दोन्ही चालत असणार. हे सगळं तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. हिशेब समजावून सांगावा तसं सांगितलं. अगदी तुझी मुलगी.

तुला वाटेल आता मी वाकड्या जुळलेल्या हाडाची उपमा देईन. देत नाही.

मी गप्प बसले असते तर मुलं इथे राहिली असती. रात्रभर हेच डोक्यात होतं. पण पोरीने जे ऐकलं ते तू बोललीच नव्हतीस, आणि ते मला माहीत झालं. आता माहीत नसल्यासारखं करता येत नाही.

तिकिटाचं मी तिला सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून ऐकून काय उपयोग? ये.

वन्सं


१० मे

वन्सं,

कोर्टाच्या तारखेआधीच्या शनिवारी सकाळी पोचते. तुमच्या भावाला मी स्वतः फोन केला. म्हटलं, मुलांना भेटायला येतेय, तुझे दिवस आहेत हे मला माहीत आहे, तरी येतेय.  तो म्हणाला, कोणत्या बसने?


८ जून

वन्सं,

तुम्ही त्या शनिवारी मुद्दाम ड्युटी बदलून घेतलीत आणि सोमवारी कोर्टातही आला नाहीत. त्यामुळे काय झालं ते तुम्हाला तुमच्या भावाकडूनच कळलं असणार, म्हणजे चार शब्दांत. बाकीचं मी लिहिते.

खारू पिवळ्या खोलीत पलंगावर बसली होती. खोली चांगली रंगवली आहे, कोपऱ्यातही ओघळ नाहीत. मी बसमध्ये एक वाक्य पाठ केलं होतं, त्यात 'तुझ्या निर्णयाचा आदर' वगैरे होतं. ते तोंडातून आलंच नाही. म्हटलं, 'मला तू हवी आहेस.'

ती म्हणाली, 'तू म्हणाली होतीस दोन्ही चालेल.'

'खोटं बोलले.'

'तू खोटं बोलत नाहीस.'

'त्या दिवशी बोलले.'

माझा आवाज अजिबात सपाट नव्हता. ती माझ्याकडे बघतच राहिली, गिऱ्हाइकाने भलताच नंबर सांगितल्यावर मी बघते तशी. मग म्हणाली की बाबांना हो म्हणून झालंय. मी म्हटलं, माहीत आहे, तरी सांगायचं होतं. तिकिटाचंही सांगितलं. ती प्लास्टरची कड नखाने खरवडत होती. 'मग परत का गेलीस?' असं विचारलं.  माझ्याजवळ तिन्ही कारणं होती, पण त्या खोलीत त्यांतलं एकही कारणासारखं वाटेना.

सोमवारी समुपदेशक बाईंनी तिला एकटीला आत बोलावलं. पाच मिनिटांत त्या दार उघडून बाहेर आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, तुमची मुलगी म्हणते, आधी त्या दोघांचं होऊ द्या, ते अजून बोललेच नाहीत.

आम्ही दोघं लांबलचक बाकाच्या दोन टोकांना उभे होतो. मला वाटलं, आता दोघंही 'तू बोल, तू बोल' करणार. पण तुमचा भाऊ एकदम म्हणाला की तू मुलांना घेऊन गेलीस तेव्हा मी एकदा तरी नको म्हणालो का? मी म्हटलं, म्हणाला नाहीस, तेच तर. म्हणजे जा असं वाटलं असेल असं मी धरलं. तो म्हणाला, धरलंस, विचारलं नाहीस. मी म्हटलं, विचारायला तू घरी कुठे होतास? मग तो जे बोलला आणि मी जे बोलले ते लिहीत नाही, तुम्ही बसल्या जागी कल्पना करू शकाल. त्याचा आवाज चढतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. माझाही चढतो हे त्याला नवीन होतं. शिपायाने दोनदा येऊन गप्प राहायला सांगितलं. वन्सं, भांडण सुरू कसं होतं ते त्या दिवशी कळलं, पण संपवायचं कसं ते दोघांनाही येत नव्हतं. आम्ही तेच तेच बोलत राहिलो. शेवटी दोघांच्याही तोंडी एकच वाक्य उरलं, की मुलं मला हवी आहेत.

तोवर खारू बाहेर आली होती आणि ढब्बूबरोबर बाकावर बसून बिस्किटं खात होती. एकदा बाबांकडे बघायची, एकदा माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट, वर्षभरात तिला इतकं निवांत मी पाहिलं नव्हतं. मग तिने हातातलं बिस्किट ढब्बूला दिलं, तोंड पुसलं आणि स्वतः उठून आत गेली.

बाहेर आल्यावर आधी ती बाबांसमोर उभी राहिली. म्हणाली, 'मी आईकडे राहणार. पण माझ्या खोलीचा रंग बदलायचा नाही.'

तो 'बरं' म्हणाला. त्याने तिच्या प्लास्टरवर हात ठेवला, बराच वेळ. मग माझ्याकडे वळून म्हणाला, 'मी महिन्यातून एकदा येणार. विचारत नाहीये, सांगतोय.'

मी म्हटलं, ये.

या सगळ्यात तुमचं काय गेलं ते मला कळतं. तुम्हाला मुलं हवी होती, हे तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, आणि तरी मे महिन्यातलं पत्र पाठवलंत.  जमेल तेव्हा या. तुमचा भाऊ येईल तेव्हा त्याच्याबरोबर नका येऊ, निराळ्या आठवड्यात या, म्हणजे मुलांना दोनदा पाहुणे मिळतील.

खारूचं प्लास्टर काल निघालं. इथल्या माणसाने चांगलं काढलं, पण ती म्हणाली, आत्यासारखं नाही. हात बारीक झालाय. त्या हाताने तिला पाण्याचा पेला उचलायलाही जड जातं, म्हणून सारखी उचलून बघते.

आणखी एक गोष्ट आज घडली. त्या मागच्या आजी, ज्या चिडून गेल्या होत्या, त्या पुन्हा आल्या. चष्मा तुटला होता, नवी फ्रेम हवी होती. त्यांनी दोन फ्रेम निवडून ठेवल्या, एक काळी, एक तपकिरी, आणि मला म्हणाल्या, तू काही सांगणार नाहीस म्हणा. काउंटरमागे खारूची पेन्सिल थांबली.

मी म्हटलं, 'आजी, नंबर तुमचा तुम्हीच सांगायचा. पण फ्रेम तपकिरी घ्या. काळी तुम्हाला शोभत नाही.'

दुकानात मत देण्याची माझी ही पहिलीच वेळ. कान तापले होते. आजींनी आरशात दोन्ही लावून पाहिल्या, नाक मुरडलं आणि काळी घेऊन गेल्या.

खारू वहीत डोकं खुपसून हसत होती. म्हणाली, 'बघ. तू सांगितलंस, तरी ऐकलं का तिने?'

मी तपकिरी फ्रेम पुसून परत जागेवर ठेवली. पुढचं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं होतं.

तुमची भावजय